एका वल्ह्याची होडी

ठाण्याच्या कोर्टामागच्या गल्लीत आमचं ऑफिस होतं, आणि त्या ऑफिसात पंच कार्डं बोंबलासारखी वाळत घालणारा एक माणूस होता. मी थापाड्या आहे हे डोंबिवलीत रिक्षावाल्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे मी हे सांगितलं की लोक हसतात आणि म्हणतात, बरं, पुढे? पण हे खरं आहे. १९८५चं साल असेल. मी नुकताच नोकरीला लागलेलो. तेव्हा कॉम्प्युटरला काही सांगायचं म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून ती यंत्राला भरवायची. एका पावसात छत गळलं आणि दोन हजार कार्डं भिजली. साहेब खुर्चीत बसून कपाळ चोळत होते. या गृहस्थांनी शांतपणे सुतळी मागवली, साहेबांच्या केबिनच्या खिळ्यापासून मोरीच्या दारापर्यंत सहा पदर बांधले आणि एकेक कार्ड चिमट्याने टांगलं. तेही नंबरवारी. दुपारी गिऱ्हाईक आलं, एक मोठे शेठ. ते त्या कार्डांखालून वाकून वाकून आत आले आणि म्हणाले, "ये क्या है?"

"सुकट," हे म्हणाले. "दो दिन में तयार."

दोन दिवसांनी कार्डांना इस्त्री करून त्यांनी ती यंत्रात घातली आणि यंत्राने ती मुकाट गिळली. दोन हजारांतलं एकही अडकलं नाही. बरं, तीन अडकली. पण त्याहून जास्त नाही.

त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. ऑफिसात सगळे त्यांना नाखवा म्हणत. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. सात पिढ्या होडीवर गेलेल्या, आठव्या पिढीत हे एकटे कॉम्प्युटरवर चढलेले. उंची दाराच्या चौकटीला कमीपणा आणणारी, एका कानात सोन्याची बारीक बाळी आणि आवाज असा, की ते जिन्यात खोकले तर तिसऱ्या मजल्यावरची टायपिस्ट कागद सावरून बसायची. डब्यात करंदी, म्हणजे बारीक कोळंबी. तिच्या वासाने हिशेब खात्यातले दोघे शाकाहारी रोज बारा वाजता कोर्टात जाऊन बसत. त्यातला एक पुढे त्याच सवयीने वकील झाला.

मला ते नावाने कधी हाक मारत नसत. मी डोंबिवलीहून येतो म्हणून मी डोंबिवली. "अरे डोंबिवली, इकडे ये." "डोंबिवली, तुझा प्रोग्राम लंगडतोय." सुरुवातीला राग यायचा. मग सवय झाली. पुढे तर दुसऱ्या कुणी नावाने हाक मारली की मी मागे वळून बघायचो, कोण आलंय म्हणून.

नाखवांचा एक नेम होता. नारळी पौर्णिमेला कोळी खाडीला नारळ देतो आणि पावसाळ्यात ओढून ठेवलेली होडी पुन्हा पाण्यात घालतो. नाखवा त्या दिवशी नवी भाषा सुरू करत. म्हणजे कॉम्प्युटरची. सकाळी कोळीवाड्यात नारळ सोडून दुपारी ऑफिसला येत. एका हातात नारळीभाताचा डबा, दुसऱ्या हातात कुठल्या तरी भाषेचं जाडजूड पुस्तक, आणि त्याच्या पहिल्या पानावर हळदकुंकू. कोबोल झाली, फोर्ट्रान झाली, पास्कल झाली, सी झाली. एका वर्षी बाजारात नवी भाषा मिळाली नाही, तर नेम मोडू नये म्हणून टायपिस्ट बाईंकडून तमिळ शिकायला बसले.

"नाखवा, ऑफिसचं सगळं काम कोबोलमध्ये चालतं," मी एकदा म्हटलं. "बाकीच्या कशाला?"

"करंदीचं जाळं वेगळं आणि पापलेटचं वेगळं, हे माझ्या वहिनीला कळतं. तुला का कळत नाही?"

"पण आपण पापलेट पकडतच नाही ना."

"एका भाषेचा माणूस म्हणजे एका वल्ह्याची होडी रे," ते म्हणाले. "हलते खूप. पाणी पण उडवते. पण बघ, गोल गोल फिरते. आणि आत बसलेल्याला वाटतं, काय वेगात चाललोय."

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे जोडहोडी. मोठं जाळं ओढायला दोन होड्या लागतात, दोन टोकं दोघींनी धरायची. नाखवांच्या हाताखाली प्रत्येक प्रोग्राम तसा दोनदा लिहिला जायचा. दोन माणसांनी, दोन भाषांत, एकमेकांच्या कागदात न डोकावता. मग दोन्हींची उत्तरं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून, पट्टी धरून ओळ न् ओळ जुळवायची. कुठे फरक दिसला की नाखवा खुलत. "लागला मासा," म्हणत. साहेबांना हा सगळा वेळेचा नास वाटायचा. मलाही वाटायचा. पण एका कॉलेजच्या निकालात शहाडच्या एका मुलीला माझ्या प्रोग्रामने नापास केलेलं, आणि नाखवांच्या प्रोग्रामने पहिला वर्ग दिलेला. शोधलं तर तिच्या लांबलचक आडनावाने माझ्या कागदावर मार्कांचा पहिला आकडा गिळलेला.

"बघ," नाखवा म्हणाले. "दुसरी भाषा कामासाठी नाही शिकायची. पहिली कुठे खोटं बोलते ते कळायला शिकायची."

मी मान डोलवली. मान डोलवण्यात आम्हा डोंबिवलीकरांचा हात कुणी धरू शकत नाही.

पुढे इंटरनेट आलं आणि मी ऑफिस सोडलं. डोंबिवली पूर्वेला एका पीठगिरणीच्या वर खोली घेतली आणि वेबची पानं बनवायला लागलो. त्या वेळी अख्ख्या डोंबिवलीत वेबची पानं बनवणारा मी एकटाच होतो. निदान त्या गिरणीच्या वर तरी एकटाच होतो. मंगल कार्यालयाचं पान, मसाल्यांचं पान, एका ज्योतिष्याचं पान. माझ्या पानांवर अक्षरं उघडझाप करत, पणत्या हलत. एका भटजींनी तर ते पान बघून चष्म्याचा नंबर वाढला म्हणून तक्रार केली. कोबोल केव्हाच विसरलेलो; पानात लिहायची ती ब्राउझरची छोटी भाषा तेवढी मला येत होती. खरं सांगायचं तर तीही अर्धीच.

नाखवा एकदा बघायला आले. गिरणीच्या पिठाने पांढरे झालेले, तसेच जिना चढून आले. हलणाऱ्या पणत्यांकडे बराच वेळ बघत बसले.

"छान आहे. दुसरी कुठली शिकतोयस?"

"नाखवा, आता दुसरी लागत नाही. सगळं पानावर होतं."

"पान कशाच्या जीवावर चालतं ते बघायला नको? ही तुझी ब्राउझरची भाषा सीच्या घराण्यातली पोरगी आहे. घराण्याच्या खोडी पोरीत उतरतात. सोयरीक करायची तर घराणं बघावं."

आणि पिशवीतून त्यांनी आपलं स्वतःचं सीचं पुस्तक काढून दिलं. पहिल्या पानावर जुनं हळदकुंकू. मी ते दोन्ही हातांनी घेतलं, डोक्याला लावलं आणि ते गेल्यावर मॉनिटरखाली ठेवलं. मॉनिटर चार बोटं बुटका पडत होता. पुस्तक अगदी मापाचं निघालं.

त्या वर्षी नाखवा नोकरीतून मोकळे झाले आणि त्यांनी एकच ध्यास घेतला. कोळीवाड्यात धक्क्यावर मच्छीमार सोसायटीची एक रिकामी खोली होती. तिथे त्यांना मुलांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढायचा होता. ऑफिसने भंगारात काढलेली दोन मशीनं त्यांनी आणून घरात झाकूनही ठेवलेली. त्याच खोलीवर कॅरम मंडळाचाही डोळा होता. निर्णय सोसायटीच्या सभेत व्हायचा, आणि सभेत शब्द चालायचा नाखवांच्या थोरल्या भावाचा. सगळा कोळीवाडा त्यांना तांडेल म्हणे, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. तांडेलांची मुलगी दहावी झालेली. आईबरोबर डोक्यावर पाटी घेऊन ठाण्याच्या मार्केटात बसायचं की काकाच्या वर्गात, हे त्या खोलीवर ठरणार होतं.

तांडेलांचं म्हणणं सरळ होतं. "भावा, तुजं मशीन आमच्या काय कामाचं, ते दाव. मंग खोली घे."

नाखवांनी ठरवलं, मशीनकडून भरती-ओहोटी काढून दाखवायची. त्यांच्या वडिलांचं गणित होतं, सगळ्या किनाऱ्याला ठाऊक असलेलं: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आपल्या खाडीत पाणी आत शिरायला उशीर, म्हणून वर एक तास. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, पण धरायचे बारा, म्हणजे इथे एक. मी त्याचं वेबचं पान करायचं, दिवस-महिना घातला की त्यातून तिथी निघावी, तिथीतून पाण्याची वेळ निघावी. त्याचा महिन्या-महिन्याचा कागद छापून सोसायटीच्या फळ्यावर लावायचा. आणि अर्थात, जोडहोडी. तेच सगळं मी सीमध्ये पुन्हा लिहायचं आणि जुळवायचं.

"एरवी दुसरी होडी मी धरली असती," ते म्हणाले. "पण डोळ्याचं ऑपरेशन आहे. महिना-दोन महिने स्क्रीन बघायची नाही म्हणालेत. तूच दोन्ही लिही. पुस्तक आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की. समोरच असतं."

पान मी तीन दिवसांत केलं. वर निळं पाणी हलत होतं, त्यात एक होडी. सीचं पुस्तक काढायचं तर मॉनिटर उचलावा लागला असता.

आठवड्याने ते आले, डोळ्यावर हिरवी पट्टी. खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "वाच." मी जूनचे आणि जुलैचे आकडे वाचले. ते बोटांवर तिथी मोजत मान हलवत होते. "आता दुसऱ्या होडीचे."

मी तोच कागद उचलला. जरा फडफडवला, उलटा केला, सुलटा केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो. मध्ये दोनदा अडखळलो सुद्धा, अक्षर लागत नसल्यासारखा. त्या कलेत मी कच्चा नाही.

"ऑगस्ट?"

"पुढचं असंच आहे, नाखवा. मिनिटाला जुळतंय."

मग चाचपडत त्यांनी माझा खांदा शोधला. "माझ्या आयुष्यात दोन होड्या पहिल्या फेरीत कधी जुळल्या नाहीत रे," ते म्हणाले. "आता तू दोन वल्ह्यांचा झालास, डोंबिवली."

मी आजवर हजार थापा मारल्या असतील. टिटवाळ्याला मी वाघ बघितल्याची थाप तर आमच्या घरी तीन पिढ्या चालू आहे. कुणी एकीवरही विश्वास ठेवलेला नाही. फक्त ही एक तेवढी कुणीतरी खरी मानली.

जूनचा कागद फळ्यावर लागला. पाणी कागदाबरहुकूम आलं, कागदाबरहुकूम गेलं. जुलैचंही तसंच. तांडेल येता-जाता फळ्यापुढे उभे राहायला लागले. "पोरगं बराबर बोलतंय," म्हणाले. पोरगं म्हणजे पान. सभा नारळी पौर्णिमेला ठरली, दुपारी नारळ सोडून झाल्यावर, धक्क्यावरच. पौर्णिमा ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात होती आणि मला कागद छापायला उशीर झालेला, म्हणून ऑगस्टचा कागद मी त्या सकाळी छापला आणि घडी करून थेट धक्क्यावर घेऊन गेलो. घडी उघडून मी तो बघितलाही नव्हता.

धक्का माणसांनी आणि हिरव्या-जांभळ्या लुगड्यांनी भरलेला. पाणी वरच्या पायरीला लागलेलं, नारळ डुलत चाललेला. नाखवा काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत, मांडीवर त्या वर्षीच्या नव्या भाषेचं पुस्तक. तांडेलांनी कागद माझ्या हातून घेतला, लांब धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. वाचताना थांबले. पुन्हा वाचला.

"काय रं भावा," ते म्हणाले, "पुनवेला दुपारी दीड वाजता खाडी सुकते, असं लिवलंय हितं. मंग आमचं पाय कशानं भिजलं?"

आधी पोरं हसली, मग बाया, मग कॅरम मंडळ. एक म्हातारी म्हणाली, "मशीनला होडीत घाला रं कुनी. पानी तरी बघंल बापडी." त्यावर तर धक्का हलला. तांडेलांची मुलगी तेवढी हसत नव्हती. ती काकांकडे बघत होती.

नाखवांनी मान वळवली, माझा आवाज कुठून येईल त्या बाजूला. हळूच विचारलं, "दोन्ही जुळले होते ना, डोंबिवली?"

त्या क्षणी एक शब्द पुरला असता. 'नाही.' लोकांनी मला खाडीत ढकललं असतं, भरतीच होती, बुडलोही नसतो.

"जुळले होते, नाखवा," मी म्हणालो.

ते उभे राहिले. "मग चूक माझी," ते म्हणाले, त्या जिना हलवणाऱ्या आवाजात. "दोन होड्या एकाच खडकावर आपटल्या, तर खडक नकाशात नव्हता. नकाशा मी दिला. बाबांचं गणित मी चुकीचं लक्षात ठेवलं असणार."

हसणं थांबलं. बाबांचं नाव निघाल्यावर तांडेलही खाली बघायला लागले. खोली कॅरम मंडळाला गेली.

दिवाळीनंतर मी कोळीवाड्यात गेलो. खरं सांगायला गेलेलो. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत वाक्य घोकत गेलेलो: 'नाखवा, सीमध्ये मी काही लिहिलंच नव्हतं.' एवढंच वाक्य. खोलीतून कॅरमच्या सोंगट्यांचा टकटकाट येत होता. नाखवा धक्क्याच्या खालच्या पायरीवर बसलेले, काळा चष्मा गेलेला, हातात घड्याळ, मांडीवर फुलस्केप वही, आणि समोर पाण्यात एक बांबू रोवलेला, त्यावर रंगाच्या रेघा. तीन महिने रोज ते पाणी मोजत होते. त्यांची वहिनी म्हणाली, जेवण सुद्धा तिथेच नेऊन द्यावं लागतं.

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "बाबांचं गणित बरोबर येतंय रे. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे, बस. मग दोन्ही होड्या चुकल्या कशा? झोप लागत नाही मला."

मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्यांनी एक साधासा प्रश्न विचारला. "सीमध्ये तू महिने कसे लिहिलेलेस? ऑगस्ट म्हणजे नुसता आठ, की शून्य आठ?"

मला वाटलं, नीटनेटकेपणाचं विचारतायत. आणि जीभ सवयीने पुढे गेली. "शून्य आठ," मी म्हणालो. "सगळे महिने दोन-दोन आकडी. एकदम व्यवस्थित."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बांबूकडे बघितलं. मग वही मिटली, तिला रबर लावलं आणि खाली उतरून तो बांबू उपटून काढला.

"बरं," ते म्हणाले. "चहा घेऊन जा."

चहा घेतला. बोंबीलही खाल्ले. निघताना ते गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि म्हणाले, "नीट जा," आणि त्यापुढे माझं नाव घेतलं. माझं खरं नाव. तेरा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, प्रेमाने घेतलं.

पुढच्या वर्षी एका कंपनीने मला विचारलं, पानं ठीक आहेत, पण सी येतं का? मी येतं म्हणालो, आणि घरी येऊन मॉनिटर उचलला. पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी सरावासाठी महिन्यांची यादी लिहायला घेतली: शून्य एक, शून्य दोन, अशी व्यवस्थित. शून्य सातपर्यंत सगळं सुरळीत. शून्य आठला मशीनने प्रोग्राम चालवायलाच नकार दिला. पुस्तकात बघितलं. त्या पानावर नाखवांच्या अक्षरात समासात लिहिलेलं: 'आकड्याआधी शून्य ठेवू नये. ठेवलं की मशीन दहाऐवजी आठच्या गटांनी मोजतं. त्याच्याकडे आठ आणि नऊ हे अंकच नसतात.'

माझ्या ब्राउझरच्या भाषेत घराण्याची तीच खोड उतरलेली. फरक एवढाच की ती तोंडाने काही बोलत नव्हती. शून्य आठ दिसलं की गुपचूप त्याचं नुसतं शून्य करायची. शून्यावा महिना म्हणजे जानेवारीच्या आधीचा. नारळी पौर्णिमेच्या भर दुपारी माझं पान आदल्या वर्षीच्या डिसेंबरातल्या अष्टमीचं पाणी दाखवत बसलेलं. सी मात्र तसं करत नाही. सीमध्ये शून्य आठ लिहून प्रोग्राम चालूच शकत नाही, कुणाचाच, कधीच. हे सी चार दिवस शिकलेल्या माणसाला कळतं. नाखवांना तर बारा वर्षांपासून ठाऊक होतं.

त्यांनी कोळीवाड्यात कुणालाच काही सांगितलं नाही. हे मला कळलं ते ठाण्याच्या मार्केटात. पाटीमागे तांडेलांची मुलगी बसलेली. तिने मला ओळखलं, हसली, म्हणाली, "काकांचे डोंबिवली ना तुम्ही?" आणि वाट्यावर मूठभर करंदी जास्त घातली.

मी नाखवांकडे परत गेलो नाही. जाणार होतो, दर नारळी पौर्णिमेला जाणार होतो. आता जाण्यासारखं तिथे कुणी उरलेलं नाही. नंतर मी चार भाषा शिकलो, पोट भरलं, लोक मला हुशार समजतात. पण चुकून कुठे शून्य आठ टाईप झालं की हात थांबतो. मशीनने त्या दिवशी लगेच लाल अक्षरांत सांगितलेलं, हे चालणार नाही. नाखवा नुसतं 'बरं' म्हणालेले, आणि चहा पाजलेला.